जिल्ह्याला इशारा एकच, पाऊस मात्र तालुक्यागणिक निराळा

माननीय महसूलमंत्री,
गोवा सरकार, पणजी.

महोदय,

सविनय नमस्कार. हवामान खात्याने उत्तर गोव्याला रेड अलर्ट द्यावा, शाळांना सुट्टी जाहीर व्हावी आणि पणजीत नेमके लख्ख ऊन पडावे, असे घडले की दिवसभर खात्याची टिंगल चालते. त्याच दिवशी सत्तरी तालुक्यातल्या वाळपईत रस्त्यावरून पाणी वाहत असले तरी त्याची दखल कोणी घेत नाही. यात दोष पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या वेधशाळेतील हवामानशास्त्रज्ञांचा नाही. इशारा जिल्ह्यासाठी दिला जातो आणि आपल्या जिल्ह्यात बार्देशचा किनारा आणि सत्तरीचा घाटपायथा एकत्र आहेत. समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि पायथ्याशी किनाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त कोसळते. हे वाळपईच्या कोणत्याही बागायतदाराला ठाऊक आहे.

२३ जुलै २०२१ रोजी म्हादईला आलेल्या पुराने सत्तरीत घरे कोसळली, बागायती वाहून गेल्या. म्हादईचा उगम कर्नाटकात खानापूर तालुक्यात आहे, त्यामुळे तिकडच्या डोंगरात रात्री किती पाऊस झाला हे नदीकाठच्या पंचायतींना वेळेत कळणे, हीच खरी पूर्वसूचना ठरते. डॉप्लर रडार ढगांतले पावसाचे थेंब टिपते, पण जमिनीवर किती पाणी पडले याची खात्री पर्जन्यमापकच देतो. शिवाय खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजला जातो. २०० मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत सावकाश पडला तर व्हाळ, म्हणजे ओढे, तो वाहून नेतात. तोच चार तासांत पडला तर घरात शिरतो, आणि सकाळच्या आकड्यात हा फरक दिसत नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी की सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांतील प्रत्येक पंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवावा आणि त्याची दर तासाची नोंद मराठी व कोंकणीतून सर्वांना पाहता यावी. यंत्र बसवणे सोपे आहे, उद्घाटनाला फोटोही निघतात. पण नरसाळ्यात एक पान अडकले की आतली पाऊस मोजणारी छोटी झुलती पात्रे भरत नाहीत, आणि मुसळधार पावसातही यंत्र शून्याची नोंद करीत राहते. झाडाच्या छायेत किंवा भिंतीला खेटून बसवलेले यंत्रही असेच फसवते. तेव्हा देखभालीचा खर्च आणि ती करणाऱ्या माणसाचे नाव सरकारी आदेशातच असावे.

कर्नाटकाशी म्हादईवरून आपला वाद न्यायालयात चालू असला, तरी पावसाचे आकडे तासागणिक मागून घेण्यास त्याची आडकाठी असू नये. तसेच सत्तरीतल्या अंजुणे धरणातून पाणी सोडण्याची सूचना खालच्या गावांना पाणी पोहोचण्याच्या पुरेशी आधी मिळावी.

शाळांच्या सुट्टीचा निर्णय सरसकट न घेता तो तालुक्याच्या मामलेदारांवर सोपवावा; त्यासाठी खात्याचा दर तीन तासांचा तात्कालिक अंदाज आणि वरील नोंदी त्यांच्या हाती असाव्यात. येत्या पावसाळ्यापूर्वी, निदान म्हादईच्या काठावरील पंचायतींपुरती तरी, ही व्यवस्था कधी सुरू होईल हे आपण विधानसभेत सांगावे, ही विनंती.

आपला,
सत्तरीतील एक निवृत्त शिक्षक