मोरहाउसचे मेज सर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू प्राचार्य झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. तेव्हापासून मला सारखे बेंजामिन मेज आठवताहेत. अमेरिकेत अटलांटातल्या कृष्णवर्णीयांच्या मोरहाउस कॉलेजचे 1940 ते 1967 एवढा काळ अध्यक्ष.

जन्म 1894 चा, दक्षिण कॅरोलिनातला. आईवडील जन्माने गुलाम. मेज यांची सगळ्यात जुनी आठवण 1898 ची: बंदूकधारी गोऱ्यांचा जमाव घोड्यांवरून आला, वडिलांना शिव्या दिल्या, टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकायला लावलं. चार वर्षांचं पोर ते बघत होतं! शेतातल्या कामामुळे शाळा वर्षातून जेमतेम चार महिने. तरी 1920 ला बेट्स कॉलेजची पदवी, 1935 ला शिकागोची डॉक्टरेट.

1936-37 च्या थंडीत ते आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. अहिंसेबद्दल विचारलंच, पण अस्पृश्यतेबरोबर जातिव्यवस्थेविरुद्धही लढा का नाही, हेही थेट विचारलं. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. त्याच दौऱ्यात म्हैसूरकडच्या एका शाळेत हेडमास्तरांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली ती 'अमेरिकेतले अस्पृश्य' म्हणून. आधी ते दचकले. मग विचार केल्यावर त्यांना ते पटलं.

मोरहाउसला आले तेव्हा कॉलेज कर्जात होतं. फी इतकी कडक वसूल करायचे की पोरांनी 'बक बेनी' (बक म्हणजे डॉलर) नाव पाडलं. दुसऱ्या महायुद्धामुळे वर्ग ओस पडले, तशी शाळा पूर्ण न झालेल्या हुशार मुलांना परीक्षा घेऊन प्रवेश दिला. त्यातूनच 1944 मध्ये पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग आला. दर मंगळवारी सकाळी मेज प्रार्थनागृहात मुलांशी बोलत. काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या थिएटरात पाऊल टाकू नका, असं बजावत. भाषण संपलं की किंग त्यांच्या मागोमाग जाऊन वाद घालायचा आणि सर त्याला वेळ द्यायचे. मला वाटतं, त्यांची खरी कमाई तीच. 1968 मध्ये त्याच विद्यार्थ्याच्या अंत्यविधीला, मोरहाउसच्याच आवारात, त्यांना श्रद्धांजलीचं भाषण करावं लागलं. त्यानंतरही थांबले नाहीत. 1970 पासून अटलांटाच्या शाळा मंडळाचं अध्यक्षपद सांभाळलं.

आता माझी एक विनंती. आठवड्यातून एकदा तूही मुलांसमोर उभा राहा. पाहुणे नकोत, हारतुरे नकोत, तू स्वतः बोल. आणि नंतर जो पोरगा भांडायला येईल, त्याला केबिनबाहेर ताटकळत ठेवू नकोस. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना रूममेट