दोन शिक्षकी शाळेचा शनिवारचा एक तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावी जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची दोन शिक्षकी शाळा आहे आणि तिच्या शाळा व्यवस्थापन समितीची मी पालक सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम असते. प्रत्यक्षात हा आराखडा म्हणजे आजवर कुंपणाची भिंत, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पाण्याची टाकी आणि टीव्ही संच यांची यादीच असे. यंदा मात्र मुख्याध्यापकांनी त्यात ‘शिक्षकांनी वर्षभरात काय शिकायचे’ असे एक पान घातले. त्याच पानाबद्दल मला लिहायचे आहे, कारण त्याचे यश शाळेच्या इच्छेवर जितके अवलंबून आहे, तितकेच शाळेबाहेरच्यांनी एक तास मोकळा सोडण्यावर आहे.

योजना साधी आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. दर पंधरवड्याला शाळा सुटल्यावर शेजारच्या दोन वाड्यांवरील शाळांचे शिक्षक आमच्या शाळेत येतील आणि सहाजण मिळून एक तास बसतील. येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील तीन वह्या आणायच्या आणि एका मुलाचे वाचन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणायचे. चूक नेमकी कुठे होते ते शोधायचे, त्यावर एकच उपाय ठरवायचा, पंधरा दिवस तो वर्गात करून पाहायचा आणि पुढच्या वेळी काय झाले ते सांगायचे. भाषण नाही, पीपीटी नाही आणि चहाखेरीज खर्चही नाही.

यात विशेष ते काय, असे मलाही प्रथम वाटले होते. मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. आकड्यांची चूक म्हणजे निष्काळजीपणा, अशी माझी समजूत होती. समितीच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी तिसरीतल्या एका मुलाची वही पुढे ठेवली. ५२ वजा ३७ याचे उत्तर त्याने २५ लिहिले होते आणि त्याखालच्या प्रत्येक उदाहरणात अगदी त्याच पद्धतीने चूक केली होती. सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. म्हणजे तो धांदरट नव्हता. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हा पहिलीत कामाला आलेला नियम तो इमानाने पाळत होता. त्याला आणखी वीस उदाहरणे घातली असती, तर तोच चुकीचा नियम वीस वेळा घटवला गेला असता. त्याच्यासमोर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून त्यातून सदतीस काढायला सांगितले, तेव्हा त्याने आपणहून एक गठ्ठा सोडला. पंधरा काड्या समोर दिसल्यावर तो वहीकडे बघून हसला म्हणे.

मराठीत तर संख्यांची आणखी एक अडचण आहे, जी आपल्याला मोठेपणी जाणवेनाशी होते. ‘त्रेपन्न’ उच्चारताना तीन आधी येतात आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी. ऐकले त्या क्रमाने लिहिणारे मूल ३५ लिहिते. ‘एकोणसाठ’मध्ये कानावर साठ पडतात, म्हणून ते ६९ लिहून मोकळे होते, ‘एकोण’ म्हणजे एकाने उणा हे त्याला कोणी उलगडून सांगितलेलेच नसते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले, तेव्हा राज्यभर केवढी चेष्टा झाली होती. रोजच्या व्यवहारातली संख्यानामे सोडून द्यावीत, असे मलाही वाटत नाही. पण मूल जिथे अडखळते ती जागा त्या सूचनेने अचूक हेरली होती आणि आपण त्यावर विनोद करण्यात वेळ घालवला, एवढे कबूल करायला हवे.

वाचनाचेही तसेच आहे. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी क च्या आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. र हे एकच अक्षर सूर्य, प्रकाश, ट्रक आणि दऱ्या या चार शब्दांत चार रूपे घेऊन येते. मूल यातल्या कोणत्या रूपाशी थांबते, हे ‘वाचन कच्चे’ या शेऱ्यातून कळत नाही. ते ध्वनिमुद्रण दोनदा ऐकल्यावर कळते, आणि आपल्या कानाला सवय झालेली चूक पुष्कळदा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाला चटकन ऐकू येते. दोन शिक्षकी शाळेत दोघेही दोन-दोन वर्ग एकाच वेळी सांभाळत असतात. त्यांना एकमेकांचा तास बघायला कधी मिळणार?

पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे उद्दिष्ट काही नवे नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावे आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या हाताळता याव्यात, असे ठरवले आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये देशातील ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के निघाली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. पण चारातली तीन मुले अजून मागेच आहेत. अशा वेळी तिसरीच्या मुलाने मिनिटाला साठ शब्द वाचावेत या अभियानाच्या निकषाचे काय होते, ते पालक म्हणून मी पाहते. घरी मुलगी घड्याळ लावून वाचते आणि गोष्टीतली म्हातारी कुठे गेली असे विचारले, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागते. आमच्या आराखड्यातही ‘शंभर टक्के निपुण’ हे शब्द आहेतच. ते वगळले असते तरी मला चालले असते.

आता मुख्य मुद्दा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सुचवले आहे. मग शनिवारचे हे तास त्या पन्नासात का धरले जाऊ नयेत? सभागृहात दीडशे शिक्षकांना बसवून दिलेले व्याख्यान हजेरीपत्रकामुळे प्रशिक्षण ठरते आणि सहाजणांनी वह्यांवर घातलेला तास ठरत नाही, हा न्याय अजब आहे. दुसरे असे, की नेमक्या त्याच वेळी वरून ऑनलाइन माहिती भरायची एखादी लिंक येते आणि ‘माहिती आज दुपारी दोनपर्यंत भरावी’ असा निरोप धडकतो. गेल्या वर्षी आमच्या शिक्षकांनी असाच प्रयत्न केला होता. तिसऱ्या बैठकीपासून तो तास माहिती भरण्यात जाऊ लागला आणि दिवाळीनंतर बंदच पडला. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे कायद्याच्या कलम २७ नेच शिक्षकांना दिलेली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यापलीकडच्या, रोज उगवणाऱ्या कामांची.

काही पालकांना वाटते, की शिक्षकांनी शिकण्यापेक्षा शिकवावे. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातला दाखला देते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय १९३५ साली काढले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे पहिले हायस्कूल त्यानंतर, १९४० साली आले. अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येत होते, तेही एकमेकांच्या वर्गात बसून शिकण्यासाठीच.

म्हणून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आणि फलटणच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला विनंती आहे, की ज्या शाळा असे गट करू पाहतात, त्यांच्यासाठी महिन्यातले दोन शनिवार शाळा सुटल्यानंतरचा एक तास बैठक, लिंक आणि अहवाल यांतून लेखी आदेशाने मुक्त करावा. नोंद म्हणून एका पानापेक्षा जास्त काही मागू नये. केंद्रप्रमुखांनी आणि विषयतज्ज्ञांनी जरूर यावे. फक्त येताना तपासणीचा तक्ता न आणता कोणत्यातरी मुलाची वही आणावी. आमची पहिली बैठक येत्या शनिवारी आहे आणि विषय हातच्याची वजाबाकी आहे. काड्यांचे गठ्ठे बांधून द्यायचे काम आम्हा पालकांकडे आले आहे.

आपली,
एक पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
ता. कोरेगाव, जि. सातारा