देव ज्यांना पाठवतो ते आपल्या यादीत नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरातल्या पत्रांमधे अधूनमधून एक तक्रार वाचायला मिळते, की हल्ली खरे संत राहिले नाहीत, देव असलाच तर तो गप्प बसलाय, एवढं सगळं चाललंय तरी कुणाला पाठवत नाही. मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितेय. माझी पक्की श्रद्धा आहे की तो आजही माणसं पाठवतो, पण आपण ज्यांच्याकडे डोळे लावून बसलेलो असतो त्यांच्यातलं कुणी तो सहसा निवडत नाही. आणि ही त्याची रीत पहिल्यापासूनचीच आहे.

चोखोबांचंच बघा ना. गावानं नको असलेली सगळी कामं ज्यांच्या गळ्यात घातली त्या घरातला माणूस, देवळात पाय ठेवायची परवानगी नाही. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि बाकीच्या मजुरांबरोबर तेही त्याखाली गेले. मग नामदेव महाराज स्वतः तिथे गेले, ढिगाऱ्यातली हाडं एकेक करून कानाला लावली आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली असं वारकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळेच्या सगळे अभंग रचणारे. ज्यांची सावलीसुद्धा लोक टाळायचे त्यांच्या घरात देवानं एवढं धन ठेवलं, आणि आपण काय केलं, तर अभंग घेतले, म्हणायला लागलो, आणि ज्यांनी ते दिले त्यांच्या लेकराबाळांना बाहेरच उभं ठेवलं. हे थोडंथोडकं नाही, सहाशे वर्षांहून जास्त चाललं.

ते दार उघडायला तरी कोण आलं? कुणी मोठा धर्माधिकारी नाही की कुणी पैलवान पुढारी नाही. आला तो एक हळवा शाळामास्तर, ज्याच्या डोळ्यांत लगेच पाणी यायचं म्हणून लोक नावं ठेवायचे. साने गुरुजी 1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि 10 मे ला मंदिर सगळ्यांना खुलं करायचं ठरल्यावरच त्यांनी ते सोडलं. मला तर वाटतं की त्या रडण्यामुळेच देवानं त्यांना निवडलं असावं, कारण दुसऱ्याचा अपमान बघून ज्याला रडू येतं त्यालाच ते दार बंद असणं सहन होत नाही, बाकीच्यांना एवढी वर्षं झालंच की सहन.

सगळ्याच धर्मांत हे दिसतं. बायबलमधला मोशे, बोलायला अडखळणारा, हातून खून होऊन पळालेला, देवालाच सांगतो की बाबा दुसऱ्या कुणाला पाठव. पेत्र हा मासे धरणारा, आणि येशूला पकडल्यावर एका दासीनं नुसतं विचारलं तर घाबरून मी त्याला ओळखतच नाही म्हणाला, तोच पेत्र काही आठवड्यांनी भर गर्दीत उभा राहून बोलला. इस्लाममधे पहिली अजान दिली ती बिलाल यांनी, हबशी गुलाम होते ते. आपल्या मराठीतले कवी नारायण वामन टिळक, त्यांना रेल्वेच्या डब्यात एका परक्या गोऱ्या प्रवाशानं नवा करार हातात दिला, पुढं 1895 मधे ते ख्रिस्ती झाले आणि त्यांची भजनं आजही मराठी चर्चमधे म्हणतात. तो प्रवासी मात्र पुढच्या स्टेशनांच्या गर्दीत हरवला तो हरवलाच.

पण मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते ती दारुड्यांची गोष्ट, कारण ती आपल्या आत्ताच्या काळाला जवळची आहे. अमेरिकेत बिल विल्सन म्हणून एक माणूस होता, शेअर बाजारातला, दारूपायी सगळं घालवून बसलेला. कशीबशी दारू सोडून काही महिने झालेले आणि मे 1935 मधे अ‍ॅक्रन नावाच्या गावी धंद्याचं काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, एका बाजूला बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला फोन. पाय बारकडे ओढत होते. त्यानं फोनकडे जाऊन चर्चवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली, आणि मागितलं काय, तर मला बोलायला दुसरा कुणीतरी दारुडा द्या! फिरून फिरून तो डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोचला. हे सर्जन, आणि पिण्यातून सुटका नाही. पंधरा मिनिटं बसतो म्हणून आलेला डॉक्टर रात्री उशिरापर्यंत उठला नाही. त्याला शहाणपण सांगणारे भरपूर भेटले होते, पण समोरचा माणूस आपलीच लाज आपल्याच शब्दांत सांगतोय असं पहिल्यांदाच झालं. 10 जून 1935 ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एकमेकांच्या आधारानं दारू सोडणाऱ्यांची संघटना, त्याच तारखेपासून आपली सुरुवात धरते. आज जगभर त्यांच्या मिटिंगा चालतात, आपल्याकडे मराठीतही. ज्यांना घरातलेसुद्धा आता हा गेल्यातच जमा म्हणून बसलेले असतात असे दोन माणसं घेऊन देवानं हे उभं केलं, सज्जन सभ्य निर्व्यसनी माणसाला हे काम जमलंच नसतं.

माझं स्वतःचं सांगते. वडील अतिदक्षता विभागात होते, बेशुद्ध. आम्ही सगळे बाहेर, कुणाकुणाच्या ओळखी काढून मोठमोठ्या लोकांना फोन करत होतो. रात्री फरशी पुसायला आलेल्या एक मावशी माझ्यासमोर थांबल्या, बादली बाजूला सरकवली, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आत जाशील तेव्हा नुसती बघत उभी राहू नको बाई, त्यांच्याशी बोल. कानाला ऐकू जातं." एवढंच बोलून पुढं पुसत गेल्या. आत सोडलं तेव्हा मी वडिलांच्या कानाशी बसून बोलले, जे वर्षानुवर्षं बोलायचं राहिलं होतं ते सगळं. ते शुद्धीवर आलेच नाहीत. पण ते बोलणं झालं, आणि ते कुणामुळे झालं हे मला माहीत आहे. मी याला योगायोग म्हणणार नाही.

आता कुणी म्हणेल की मग काय कुणाही ऐऱ्यागैऱ्याला देवाचा माणूस म्हणायचं का, तर तसं नाही. भोंदू लोक याच भावनेवर जगतात आणि किती घरं उद्ध्वस्त झाली हे आपण रोज वाचतो. पण ओळखता येतं. गाडगेबाबा बघा, परीट घरातले, शाळेचं तोंड न बघितलेले, अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. गावात आले की आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन, त्यात कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरांना शाळेत घाला. कुणी पाया पडायला आलं तर पडू द्यायचे नाहीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःसाठी काही ठेवलं नाही. जो आपल्याकडून काहीतरी घ्यायला आलाय आणि जो देऊन पुढं निघून जातो, यातला फरक थोडं शांतपणे बघितलं तर कुणालाही कळतो.

संपादक साहेब, एक विनंती आहे. अध्यात्माच्या पानावर महाराजांची आणि विद्वानांची प्रवचनं येतात ती येऊ द्या, मीही वाचते. पण त्याच पानावर थोडी जागा साध्या वाचकांना द्या, ज्यांना अडचणीच्या वेळी अगदी अनपेक्षित माणसाकडून आधार मिळाला त्यांनी आठदहा ओळीत लिहावं, रिक्षावाला असो, सुटून आलेला कैदी असो, नाहीतर ज्याच्याशी आपण बोलणं टाकलंय असा भाऊ असो. त्या माणसाचं नाव छापू नका, पण तो काय काम करतो आणि नेमकं काय बोलला ते जरूर छापा.

आपली,
एक नियमित वाचक