बाबा, रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे

डॅलस, रविवार रात्र

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

फोनवर तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून लिहितेय. लॅबमधली मुदत मी दोन वर्षांनी वाढवून घेतली. सहीसुद्धा झाली. दिवाळीला येते म्हणाले होते, ते आता मेमध्ये. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण काम अशा जागी आलंय की सोडवत नाही, आणि काकांच्या वेळचं मी काहीही विसरलेले नाही. माझी काळजी करू नका. घर उबदार आहे, पोळ्या मीच लाटते, आईचा गोडा मसाला अजून पुरतोय.

काल दादाकडून कळलं की बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून. रात्रभर डोळा लागला नाही.

आई, चिरून झालं की तू लगेच विळी मिटून भिंतीकडे सरकवायचीस, माझ्या पायाला लागू नये म्हणून. पेशीतही अशीच एक विळी असते, साइट-वन प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर. तयार होते तेव्हा मिटलेली असते. स्वतःच्याच अंगाचा तुकडा कापून ती उघडते, आणि त्यात तिला स्प्रिंग नावाचं प्रथिन मदत करतं. दिवसभर मी तेच बघत बसते. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की एसआरईबीपी हे प्रथिन तिच्यापुढे आणलं जातं. ती एक काप घालते, साइट-टू नावाची दुसरी विळी आणखी एक काप घालते. सुटलेला तुकडा केंद्रकात जातो आणि हुकूम सोडतो: कोलेस्टेरॉल बनवा, रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे ग्राही वाढवा. पेशीत पुरेसं असलं तर ते प्रथिन जागचं हलतसुद्धा नाही. त्या ग्राहींचा शोध इथल्याच ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या शास्त्रज्ञांचा. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं.

बाबा, तुमची स्टॅटिन, म्हणजे तीच कोलेस्टेरॉलची गोळी, यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल बनणंच कमी करते. पेशीला टंचाई भासते, विळ्या चालू होतात, ग्राही वाढतात, रक्तातलं एलडीएल उतरतं. रिपोर्ट चांगला आला तो तिच्यामुळे. बंद केलीत तर काही आठवड्यांत पुन्हा चढेल, आणि तुमच्या छातीत स्टेंट आहे. रागावले नाहीये मी. मला ताप आला की कडू गोळी गुळात दाबून, 'गिळ बघू माझं सोनं' म्हणत तुम्हीच भरवायचात ना?

उद्याच डॉक्टरांकडे जा आणि गोळी किती दिवस बंद होती ते खरं सांगा. गोळीने पाय दुखायला लागले असं वाटलं तरी त्यांनाच विचारायचं, मनाने सोडायची नाही. रक्त पातळ करणारी तर अजिबात नाही. आई, गोळ्यांचा डबा तू ताब्यात घे. दादा बरोबर येईल, रिक्षाने जाऊ नका.

गुरुवारी व्हिडिओ कॉल करते तेव्हा डबा उघडून दाखवा. सोमवार, मंगळवार आणि बुधवारचे कप्पे रिकामे दिसले पाहिजेत.

तुमची,
मनू