कॅमेऱ्याला चवथीपर्यंत कोंडून ठेवू नका

महोदय,

मी फोंड्यात २२ वर्षे लग्नमुंजीचे फोटो काढतो. दरवर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर कुणीतरी घरचा कॅमेरा घेऊन येतोच. 'माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीचा) फोटो काढला, सगळं धुरकट आलं.' लेन्स उजेडासमोर धरली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात. बुरशी! मे महिन्यात पिशवीत घालून कपाटात ठेवलेला कॅमेरा चार महिने उघडलेलाच नसतो. अंधार, कोंदट हवा आणि ओल धरणारी पिशवी, बुरशीला आणखी काय हवे? काचेवरचा लेप तिने खाल्ला, की साफ करूनही डाग राहतो. माझी पहिली ५० मिलिमीटरची लेन्स अशीच गेली. अजून जीव हळहळतो.

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांची पुरचुंडी ठेवा. दाणे गुलाबी झाले, की त्यांनी ओल पुरती शोषली असे समजा. मंद आचेवर तापवले की ते पुन्हा निळे होतात. पण त्यांत कोबाल्ट असते आणि ते पोटात जाणे घातक, तेव्हा स्वयंपाकाचा तवा वापरू नका, मुलांपासूनही दूर ठेवा. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून अंगणातल्या पावसाचे चार फोटो काढाच.

– एक छायाचित्रकार, फोंडा