सही करणारे प्राध्यापकच नेमलेले नसतील तर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्याशाखेबाहेरचा एक विषय ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून घ्यावा लागतो. माझी मुलगी तालुक्याच्या गावी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असून तिचा मुख्य विषय मराठी आहे. आईच्या बचत गटाचे हिशेबाचे रजिस्टर दोन वर्षांपासून तीच लिहीत असल्याने तिने वाणिज्य शाखेचा अकाउंटिंगचा विषय मागितला. त्यावर, तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांची संमतीची सही अर्जावर आणावी, असे महाविद्यालयाच्या कार्यालयाने सांगितले.

ही अट मला गैर वाटत नाही. वर्गात जागा किती आहेत आणि समोरच्या मुलीला विषय झेपेल की नाही, हे शिकवणाऱ्यालाच ठाऊक असते. अडचण निराळीच निघाली. त्या विषयाचे तास तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडे असतात आणि त्यांची त्या वर्षीची नेमणूक अद्याप झालेली नव्हती. म्हणजे ज्यांची सही आणायची, ते प्राध्यापक महाविद्यालयाच्या लेखी अस्तित्वातच नव्हते, आणि अर्जाची अंतिम तारीख मात्र जवळ येत होती. विभागातील दुसऱ्या प्राध्यापकांना विचारले असता, ‘माझा विषय नाही, मी सही कशी करू’ असे उत्तर मिळाले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते. आमच्या गावाहून तालुक्याला सकाळी एक आणि दुपारी एक एवढ्याच एसटी असल्याने एका सहीपायी पूर्ण दिवस जातो. मुलीला निम्मे तिकीट लागते, मला पूर्ण. पण तिकिटापेक्षा सोयाबीनच्या पेरणीचे चार दिवस गेले, त्याचा हिशेब कोणत्याच अर्जात बसत नाही. शेवटी मुदत संपली आणि कार्यालयाने शिल्लक जागा पाहून तिला भलताच विषय दिला. नकार मिळाला म्हणावे, तर नकार द्यायलाही कोणी नव्हते.

तासाप्रमाणे मानधन मिळणाऱ्या माणसाने नेमणुकीआधी पदरमोड करून सह्या देण्यासाठी यावे, अशी अपेक्षा मी करणार नाही. मात्र नेमणूक होईपर्यंत संमती देण्याचा अधिकार विभागप्रमुखांना किंवा प्राचार्यांना का असू नये? प्रवेशाच्या वेळी एखादा कागद कमी पडला, तर हमीपत्र लिहून घेऊन तात्पुरता प्रवेश देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. विषयाच्या बाबतीतही तसेच करता येईल आणि प्राध्यापक रुजू झाल्यावर त्यांना विद्यार्थिनी अयोग्य वाटली, तर त्यांनी कारण लिहून नकार द्यावा. लेखी कारण मिळाले, तर मुलीला दुसरा विषय वेळेत निवडता येईल आणि आम्हालाही कोणाला दोष देत बसावे लागणार नाही.

दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होईल. त्या वेळचा अर्ज कोणाकडे, कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत न्यायचा, एवढी सूचना तरी ग्रामीण भागातील महाविद्यालयांनी सत्र संपण्याआधीच फलकावर लावावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक पालक, जि. यवतमाळ