रक्तचाचणीआधी भावंडांची तपासणी

‘रक्तचाचणी सांगणार अचानक मृत्यूचा धोका’ ही हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजाराबद्दलची बातमी (आपल्या दैनिकातील) वाचली. संशोधन स्वागतार्ह आहे, मथळा मात्र घाईचा वाटला. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की या चाचणीत मोजले जाणारे एनटी-प्रोबीएनपी हे द्रव्य रक्तात वाढते. त्यावरून हृदय थकत चालल्याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. अचानक मृत्यू येतो तो बहुधा ठोक्यांची लय एकाएकी बिघडल्याने, आणि त्याचे भाकीत ही वेगळी, अवघड गोष्ट आहे. शिवाय वाढते वय किंवा मूत्रपिंडाचा विकार असला तरी हा आकडा चढतो. लठ्ठ व्यक्तीत तो कमी दिसतो. छातीत आयसीडी (लय बिघडल्यास विजेचा झटका देऊन ती ताळ्यावर आणणारे उपकरण) बसवावे का, हे ठरवण्यासाठी युरोपातील हृदयतज्ज्ञांनी २०१४ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रात हृदयभिंतीची जाडी, अकारण आलेली बेशुद्धी, कुटुंबातील अचानक मृत्यू असे सात घटक आहेत. रक्तातला त्यात एकही नाही.

हा आजार साधारण ५०० जणांत एकाला असतो आणि बाधित आई किंवा वडिलांकडून दोषयुक्त जनुक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. तरीही तरुण खेळाडू मैदानावर कोसळून गेला की ‘हार्ट अटॅक’ म्हणून विषय मिटतो. भावंडांचा साधा ईसीजी, टूडी इकोही कुणी सुचवत नाही. शवविच्छेदनात हा आजार आढळल्यास जवळच्या नातेवाइकांना तपासणीसाठी लेखी कळवणे आरोग्य विभागाने बंधनकारक करावे.

– एक वाचक, सातारा